चौथा पाय

११ नोव्हेंबर १९८३, बपेरा

पोचलो एकदाचे. ही डायरी साहेबांनी नाक्यावरून आणून दिली. वर्ष संपायला आलं तरी कोरी करकरीत पडून होती. म्हणाले, इथे तुला बडबडायला कोणी मिळेपर्यंत हिच्याशी बडबड. साहेब म्हणजे आमचे यजमान. जंगल नाक्यावर कारकून आहेत, पण घरात मी साहेबच म्हणते. तेवढंच त्यांना बरं वाटतं.

गाव मला आवडलं. पलीकडे नदी, नदीपलीकडे मध्यप्रदेश, आणि जिकडे पाहावं तिकडे धानाची कापणी. घरमालक पुंडलिकराव शेतकरी माणूस, बोलायला कंजूष. त्यांच्या पुष्पाबाई मात्र आल्या आल्या चहा, पोहे, चौकशा सगळं एका दमात करून मोकळ्या झाल्या. त्यांचं मले, तुले, काहून ऐकून मला हसू येतं आणि माझं संगमनेरचं बोलणं ऐकून त्यांना. फिटंफाट.

सामानात सगळ्यात जपून आणलाय तो लांबट खोका. नागपूरच्या प्रदर्शनात घेतला. आत सुटा पाळणा आहे. घरी आणायचा, कागदावरचं चित्र बघायचं आणि नटबोल्टने आपल्या हाताने जोडायचा. विकणारा म्हणाला, लहान पोरसुद्धा जोडेल. खोक्यावरचं चित्र बघून पुष्पाबाईंनी तोंडाला पदर लावला. लेकरू व्हायच्या आंधी पाळणा काहून आणला बाई, म्हणाल्या. सासूबाईंनीही पत्रातून हेच सुनावलंय.

मागच्या वेळी मी सगळं नियमाने केलं होतं. माहेरी गेले, पाळणा आणला नाही, साधं झबलंसुद्धा शिवलं नाही. मुलगी झाली आणि ती रडलीच नाही. मी म्हटलं, मांडीवर द्या, तर आईने तिला फडक्यात गुंडाळून बाहेर नेलं. बघू नकोस, त्रास होईल म्हणाली. म्हणून या वेळी माहेर नको आणि नियमही नकोत. सातवा संपत आलाय, आणि पोटात ही बया दिवसभर लाथा झाडते. मुलगीच आहे, मला माहीत आहे. आधी पाळणा उभा राहील, मग ती येईल.

१३ नोव्हेंबर

खोका उघडला आणि डोकंच फिरलं. यष्टीच्या टपावर कोपरा फाटला असणार. पाळण्याला खाली एक चौकट, चौकटीला चार आखूड पाय, वर दोन खांब आणि खांबांमध्ये टांगायची कापडी झोळी. पाय तीनच निघाले. चौथा कुठे पडला, देव जाणे. साहेब म्हणाले, भिंतीला टेकवून ठेवू. मी म्हटलं, मग बाळालाही भिंतीलाच टेकवून ठेवू का?

तरी बाकीचं जोडायला घेतलं. चित्रातले बोल्ट आणि पिशवीतले बोल्ट यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. लांब बोल्ट आखूड भोकात घातला, तो पलीकडून बोटभर बाहेर आला. मग कळलं की डावा खांब उजवीकडे लावलाय. पुन्हा सगळं खोललं. वायसर लावायचे विसरले, पुन्हा खोललं. साहेब पेचकस हातात धरून मान डोलवत होते. पुरुषांना पेचकस शोभतो, वापरता येतोच असं नाही. संध्याकाळी तीन पायांचा लंगडा पाळणा तयार झाला.

१९ नोव्हेंबर

चौथ्या पायाचे प्रयोग चालू आहेत. विटा लावल्या, डुगडुगतो. बांबूचं कांडं लावलं, निसटतं. नागपूरच्या दुकानदाराचं उत्तर आलं, सुटा पाय मिळत नाही, अख्खा पाळणा घ्या. छान. गावातला मंगरू वाढई, म्हणजे सुतार, म्हणतो, धान घरात आल्याशिवाय रंधा हातात धरणार नाही. इथे सध्या देव आला तरी त्याला विळाच देतील.

मदतीला सखाबाई येऊ लागली आहे. मासेमारी करणाऱ्यांच्या वस्तीतली, माझ्या आईच्या वयाची. नवरा मुरारी नदीवर जाळं टाकतो आणि ही सकाळी दोन घरची भांडी घासते. बोलणं कमी, काम लख्ख. माझ्या पोटाकडे बघून मात्र तिचा चेहरा मऊ होतो. काल म्हणाली, पोरगी हाय, पाहा तुमी. मी तिला तेव्हाच आपली मानली.

२६ नोव्हेंबर

आज नदीवर कपडे घेऊन गेले होते. साहेबांना सांगितलेलं नाही, ते रागावतील. घाटाच्या खालच्या अंगाला जांभळाच्या मुळ्या पाण्यात उतरल्यात, तिथे माझा परकर अडकला. तो सोडवताना हाताला लाकूड लागलं. ओढून काढलं तर लहान खाटेचा खूर. कातलेला, सागाचा, पाण्याने काळा झालेला, पण कुठे कुजलेला नाही. उंचीला मी वीत लावून पाहिली. माझ्या पाळण्याच्या पायाएवढा, तंतोतंत. वरच्या कडेला बारीक बारीक खळगे आहेत, उंदराने कुरतडल्यासारखे. तेवढं चालेल.

आजूबाजूला कोणी नव्हतं, सगळं गाव शेतात. कोणाला विचारायचं आणि कशाला? नदीतून आलेल्या लाकडावर कोणाचं नाव असतं? ओल्या लुगड्यांत गुंडाळून घरी आणला.

२८ नोव्हेंबर

बसला! खुराला खाटेचं भोक आहे, चौकोनी, ऐसपैस. बोल्ट त्यात खुळखुळायला हवा होता. मी दोन जादा वायसर काढून ठेवले होते. पण बोल्ट सरकत आत गेला आणि गच्च बसला. नट दोन बोटांनी फिरवला, शेवटचे वेढे तर आपोआप गेल्यासारखे वाटले. पाळणा चारी पायांवर उभा राहिला. जरासुद्धा डुगडुग नाही. साहेबांनी पाठ थोपटली.

एवढंच की सखाबाई झाडायला आली, पाळणा पाहिला, झाडू तिथेच ठेवला आणि निघून गेली. कोणाच्या मनात काय येईल सांगता येत नाही.

४ डिसेंबर

सखाबाई आठवडाभर आली नाही. भांडी माझ्याच नशिबी.

पाळण्याची एक तक्रार आहे. माझ्या तिन्ही पायांचे नट रोज ढिले होतात. सकाळी आवळले की दुपारपर्यंत सैल. नवीन लाकूड सुकतं, तेव्हा असं होतं, असं साहेब म्हणतात. मग नदीतलं ओलं लाकूड सुकायला नको का? त्याचा नट जागचा हलत नाही. आणि नट ढिले होतात ते हादऱ्याने. रिकाम्या पाळण्याला हादरा कोण देतं?

दुपारी गाव ओस असतं. पुष्पाबाईही खळ्यावर जातात. आज दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि कर्र कर्र ऐकू आलं. पाळणा हलत होता. अंगणात वारा नव्हता, दोरीवरची लुगडी सरळ लोंबत होती. मी उठून पाळणा धरला. धरून ठेवावा लागला, हे खरं.

८ डिसेंबर

झोळी मध्ये खोल गेली आहे. कापड ताणलं असेल म्हणून दोऱ्या वर ओढून बांधल्या. दुपारी पुन्हा खोल. हात घातला. आत काही नाही, पण कापड ओलसर आणि कोमट. मुलाला नुकतंच उचलल्यावर असतं तसं.

पोटातली बया आज फार शांत होती.

११ डिसेंबर

आज भर दुपारी सखाबाई आली आणि पाळण्याजवळ जमिनीवर बसली. खुराच्या वरच्या कडेवर तिने बोट ठेवलं. एकेका खळग्यावरून फिरवलं. मग म्हणाली, हे उंदराचं काम नोहे बाई. हे दात हायेत. माह्या रेवताचे.

इथली रीत तिने सांगितली. घरातलं माणूस खाटेवर वारलं की ती खाट खोलतात आणि तिचा एक खूर नदीत सोडून देतात. तीन खुरांची खाट पुन्हा उभी राहत नाही. मग गेलेलं माणूस निजायला जागा शोधत परत येत नाही. म्हणून या गावात नदीत खूर दिसला तर त्याला कोणी हात लावत नाही, बांबूने ढकलून धारेला लावतात. लहान पोरालाही हे माहीत असतं. मला कोणी सांगितलं नाही, कारण हे सांगावं लागेल असं कोणाला वाटलंच नाही.

सखाबाईची रेवता तीन वर्षांची होती. दात येताना खाटेच्या खुराशी उकिडवी बसून तो चावायची. पुष्कळ वर्षांपूर्वी तापात गेली. खूर मुरारीनेच सोडला होता.

मी म्हटलं, आत्ता काढते आणि धारेला लावते. पाना लावला. नट फिरला नाही. सखाबाई माझ्या हाताकडे बघत राहिली आणि मग तिने झोळीत हात घातला. ती रडायला लागली, पण तोंडावर हसू होतं. असा चेहरा मी कोणाचा पाहिला नव्हता.

१३ डिसेंबर

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पाना घेतला, जोर लावला, नट गंजलाय म्हणाले. दहा-बारा दिवस त्यांना भंडाऱ्याला कचेरीच्या कामाला जायचंय. येताना लोखंड कापायची करवत आणतो, तोवर पाळण्याकडे बघू नकोस, पोटुशी बाईच्या मनाचे खेळ असतात हे. मंगरूला निरोप पाठवला होता. तो दारापर्यंत आला, काळा खूर पाहिला आणि चपला न काढताच परत गेला.

साहेबांची यष्टी गेली. निरोप देताना मी हसले. उगाच हसले.

१६ डिसेंबर

खात्री करून घेतली. पाळणा हलतो तेव्हा पोट शांत असतं. पाळणा थांबतो तेव्हा पोटात हालचाल होते, पण रोज थोडी कमी. झोळी रोज खोल जाते आणि माझं लुगडं पोटावर सैल होतं. कालची गाठ आज दोन बोटं पुढे मारली.

म्हणजे रेवताला नुसती जागा पुरत नाही. तिला वजन लागतं. ते ती माझ्याकडून घेते.

लिहून झाल्यावर वाचलं. वेड्यासारखं वाटतं. पण गाठ खोटं बोलत नाही.

१८ डिसेंबर

नर्सबाई आल्या होत्या. पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. ठोके आहेत म्हणाल्या, पण लांबून आल्यासारखे. तुमसरच्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका. पुंडलिकराव उद्या-परवा बैलगाडी देतो म्हणाले. खळ्यावर धान पडलंय, बैल त्यात.

सखाबाई आता रोज दुपारी येते. पाळण्याला दोरी बांधून हलवते, गुणगुणते. मी ओरडले, बाई, माझं बाळ जातंय. ती थांबली. मान खाली घालून म्हणाली, मले समजते. आणि दोरी सोडली नाही.

२० डिसेंबर

आज मी सखाबाईचे पाय धरले. तिनेही माझे धरले. दोघी जमिनीवर.

शेवटी ती म्हणाली, खूर माह्या हाताले ऐकन. तिने खुरावर हात ठेवला आणि मी पाना लावला. नट फिरला. एक वेढा. पोटात जोरात लाथ बसली, इतके दिवसांनी, मी हसत सुटले — आणि पाळण्यात पोर रडली. खणखणीत. तीन वर्षांची नाही, तान्ही. माझ्याकडून घेतलेल्या वजनाएवढीच.

सखाबाईने हात काढून घेतला. नट पुन्हा आवळला गेला, आपोआप.

म्हणाली, ती गेली तवा मी नदीवर होती बाई. जाळं ओढून राहिली होती. आली तं लोकायनं नेली होती. मले मांडीवर घेऊ नाही देल्लं. एक दिवस द्या. उद्या तिले मांडीवर निजवतो आन् परवा मीच खूर धरतो. शपथ.

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मला ते फडकं दिसलं, दारातून बाहेर जाणारं, आणि आईची पाठ.

एक दिवस दिला.

२१ डिसेंबर

सखाबाई दिवसभर मांडी घालून बसली. पदर मांडीवर पसरून. पदरात खोलगट खळगा. तिला थोपटत होती. किती सुंदर थोपटत होती.

मी बघत बसले. एकदाही तिला उठवलं नाही.

पोट — आज लाथ नाही. उद्या येईल. उद्या खूर निघाला की येईल.

२२ डिसेंबर

सकाळपासून कंबर धरली आहे. दिवस भरायला वेळ आहे अजून — पुष्पाबाईंनी खळ्यावर माणूस पिटाळला, पुंडलिकराव गाडी घेऊन निघालेत. तुमसरला न्यायचं म्हणतात.

पोट गार. थोपटलं, गूळ खाल्ला, उताणी निजून पाहिलं. काही नाही.

सखाबाई आली. शब्दाची पक्की. न सांगता खूर धरला. डोळे मिटून. काढा बाई म्हणाली, तुमच्या लेकराचं पाहा.

पाना लावला. नट फिरला — लोण्यात सुरी फिरावी तसा. वाट पाहिली. लाथ आली नाही. आणखी फिरवला. नाही आली. वायसर खाली पडला, घरंगळत गेला.

तेव्हा वाकून पाहिलं.

झोळीत कालपर्यंत एक खळगा होता. आज दोन आहेत. शेजारी शेजारी. एक मोठा, एक अगदी वितीएवढा —

एक रडते आहे. ती सखाबाईची.

दुसरी रडत नाही. माझी रडतच नाही. कधीच —

नटाचा एक वेढा राहिलाय. डाव्या हाताने बोल्ट दाबून धरलाय, उजव्याने लिहिते. कोणाला तरी कळायला हवं की मी मुद्दाम —

गाडी दारात आली. पुष्पाबाई हाका मारताहेत. सखाबाई म्हणते सोडा, आता सोडा, माह्याच्यानं धरवत नाही —

सोडला तर दोघी जातील. झोळी कोमट आहे. हात घातला तर बोट धरलं माझं. इतकुशी मूठ. थांबा म्हणावं त्यांना, जरा थांबा, हिलासुद्धा मी अजून मांडीवर